चिंच, तांबे आणि रेणूंचे हात

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रेणूंच्या वाटेला कशाला जावे, असे कोणी म्हणेल. पण हा विषय मला घरच्या मोरीतच भेटला. आई तांब्याचा हंडा चिंचेने घासते. चिंचेतील आम्ल काळपट थर विरघळवते आणि हंडा लखलखतो. “चिंचच का गं?” असे मी लहानपणी विचारी. “ती आंबट असते म्हणून,” एवढेच तिचे उत्तर. ते खरेच होते. पण त्या आंबटपणाला हातही असतो, हे मला परवा वाचनात कळले.

आपले दोन्ही तळहात सारखे दिसतात, तरी उजवा हातमोजा डाव्या हातात नीट बसत नाही. काही रेणूंचेही तसेच असते. १८४८ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे व उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. एकाचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवी, तर दुसऱ्याचे डावीकडे. चिंचेत व द्राक्षांत यांपैकी एकाच हाताचे आम्ल असते.

आता धातूकडे वळू. कागदाचा ‘क’ कापा. हातात धरून तो उलटा केला की आरशातला ‘क’ दिसतो. म्हणजे मोकळेपणी त्याला डावे-उजवे नाही. पण तोच खळ लावून पाटीवर चिकटवला, तर तो सुलटा किंवा उलटा, एकाच बाजूचा होऊन बसतो. सपाट रेणू धातूवर टेकला की त्याचेही असेच होते. हात बदलायचा तर त्याला पृष्ठभाग सोडून कूस पालटावी लागते.

हे डोळ्यांना दिसावे असे साधन बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकजवळ बनवले. धातूच्या अतितीक्ष्ण टोकाने पृष्ठभाग चाचपणारा हा सूक्ष्मदर्शक. १९९९ मध्ये संशोधकांनी सोन्यावर नायट्रोनॅफ्थॅलीनच्या दहा-दहा रेणूंचे डावे व उजवे पुंजके याच टोकाने सरकवून वेगळे केले. पाश्चर यांनी स्फटिक निवडले, यांनी रेणूंचे पुंजके निवडले!

आणि आपले चिंचेचे आम्ल? निर्वात पात्रात तांब्याच्या स्वच्छ स्फटिकावर त्याचे रेणू बसवले, तर गर्दी आणि तापमान यांनुसार ते कधी एका टोकाने, तर कधी दोन्ही टोकांनी धातू धरतात. दोन्ही टोकांनी धरले की त्यांच्या तिरप्या रांगा लागतात. उजव्या आम्लाच्या रांगा एका अंगाला कलतात, डाव्याच्या नेमक्या उलट. तांब्याला स्वतःचा हात नाही. तो त्याला पाहुण्याकडून मिळतो.

याचा उपयोग काय? थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आले आणि १९६१ मध्ये मागे घेतले गेले. तोवर हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली होती. त्याचे दोन्ही हात शरीरात एकमेकांत बदलत राहतात. म्हणून हात कसा ठरतो आणि कसा बदलतो, हे जाणणे अगत्याचे आहे. हव्या त्याच हाताचा पदार्थ अधिक मिळावा म्हणून जपानमध्ये ओसाका येथे इझुमी यांनी १९६० च्या दशकात निकेल धातूवर टार्टरिक आम्लच चढवले होते.

हे सारे मी आईला सांगितले. हंडा पालथा घालीत ती म्हणाली, “मग तुझ्या त्या शास्त्रज्ञांनाही शेवटी चिंचच लागली म्हणायची!”