फुलपाखराला पाय किती? चार की सहा?



चौथी-पाचवीच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारून बघा. फुलपाखराला पाय किती? पुस्तक पाठ करून आलेलं मूल लगेच "सहा" म्हणेल. पण एखादं मूल बांधावरच्या रुईपाशी उभं राहून बघून आलेलं असेल, तर ते "चार" म्हणेल. बहुतेक वर्गांत या दुसऱ्या उत्तरावर लाल फुली बसते. म्हणजे ज्याने खरोखर पाहिलं त्याचेच गुण जातात, आणि पुढच्या वेळी ते मूल बघायच्या भानगडीत पडत नाही.

प्रत्यक्षात दोघांचंही बरोबर आहे. ते कसं, हे समजलं की फुलपाखरांचं वर्गीकरण आपोआप हाती लागतं.

त्याआधी एक गोष्ट. 'उष्णकटिबंधीय फुलपाखरे' असं तक्त्यावर वाचलं की मुलांना ॲमेझॉनचं जंगल आठवतं. मुलांना नकाशा उघडायला सांगा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि आपला अहिल्यानगर जिल्हा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशांत येतो. म्हणजे शाळेच्या कुंपणावर बसलेलं फुलपाखरूही उष्णकटिबंधीयच. त्यात आपल्या जिल्ह्याची दोन टोकं निराळी. अकोल्याकडे कळसूबाई (१६४६ मीटर), भंडारदरा, धो धो पाऊस आणि दाट झाडी. कर्जत-जामखेड-पाथर्डीकडे माळरान, बोरी-बाभळी. दोन्हीकडची फुलपाखरं सारखी नसतात, पण रुईवरचं केशरी फुलपाखरू मात्र दोन्हीकडे दिसतं. आजचा धडा त्याच्यावरच घेऊ.

त्याचं नाव प्लेन टायगर. केशरी पंख, पुढच्या पंखांच्या टोकाला काळा भाग आणि त्यात पांढरे ठिपके. उडतं एकदम संथ, जणू कोणाची भीतीच नाही. ती नसतेही, कारण त्याची अळी रुईची पानं खाते, चिकातली कडू विषारी द्रव्यं तिच्या अंगात उतरतात आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. आपल्याला ते सावकाश बघता येतं, हा आपला फायदा.

आता शरीररचना. डोकं, वक्ष आणि उदर असे तीन भाग. डोक्यावर दोन संयुक्त डोळे आणि टोकाला गाठ असलेल्या दोन स्पृशा. पतंगाच्या स्पृशा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या असतात, म्हणून ही गाठ मुलांना जरूर दाखवा. तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड. ती एक नळी दिसते, पण असते दोन अर्ध्या नळ्यांची. कोशातून नुकतंच बाहेर आलेलं फुलपाखरू सोंड सारखी गुंडाळतं आणि उलगडतं, ते हे दोन भाग एकमेकांत बसवण्यासाठी. पंख चार, त्यांवर कौलांसारखे रचलेले खवले. बोटांना लागते ती 'पूड' म्हणजे हे खवलेच, आणि ते पुन्हा उगवत नाहीत. म्हणून हात लावायचा नाही. यावरूनच या गणाला खवलेपंखी म्हणतात, इंग्रजी पुस्तकात लेपिडॉप्टेरा.

पाय असतात वक्षाला. वक्षाचे तीन खंड, प्रत्येकाला एक जोडी, म्हणजे सहा. दहावीत शिकवतो त्या संधिपाद संघातले कीटक ते हेच. मग रुईवर चार का दिसतात? मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बाजूने बघा. डोक्याच्या खाली, छातीशी घट्ट दुमडलेली एक बारीकशी जोडी दिसेल. चालायला तिचा काही उपयोग नाही. नरांत तर ती केसाळ, एखाद्या छोट्या कुंचल्यासारखी असते. म्हणून या कुळाचं मराठी नाव कुंचलपाद. मग ही जोडी बिनकामाची का? तर नाही. या कुळातल्या अनेक जातींची मादी याच आखूड पायांनी पानावर टकटक करते आणि चव घेते. फुलपाखराची चव पायांत असते! पान अळीच्या खाण्याचं असलं तरच अंडं घालते.

म्हणून मुलाने "चार" म्हटलं तर फुली मारू नका. "कोणत्या फुलपाखराचे मोजलेस?" असं विचारा. लिंबावरच्या फुलपाखराचे मोजले तर सहाच्या सहा दिसतील, कारण ते पुच्छ कुळातलं. पिवळ्या-पांढऱ्या कुळाचेही सहा, ते बहावा आणि टाकळ्याभोवती शोधा. नील कुळातली चिमुकली निळी फुलपाखरं सहा पायांवरच चालतात, जरी नरांचे पुढचे पाय थोडे वेगळे असतात. चपळ कुळही सहा पायांचं. त्याच्या स्पृशांचं टोक आकड्यासारखं वाकलेलं असतं. सहावं कुळ मुग्धपंखी. त्याच्या जाती आपल्याकडे इतक्या थोड्या आहेत की शाळेत ते सोडून दिलं तरी चालेल.

'पुच्छ' कुळ म्हणताच मुलं शेपटी शोधतात. इथे जरा थांबायला हवं. लिंबाच्या फुलपाखराला शेपटी नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केलं (असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं), तो नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन, त्यालाही शेपटी नाही. तरी दोघेही याच कुळातले. कुळ एका खुणेवर ठरत नाही. पाय, पंखांच्या शिरा, अळी, कोश सगळं मिळून ठरतं.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत येते. एक नरासारखी, एक हुबेहूब कॉमन रोझसारखी, एक क्रिम्झन रोझसारखी. रोझ विषारी, मॉर्मन नाही, नुसती बतावणी. ओळखायचं कसं? पंख सोडा, अंग बघा. रोझचं अंग लाल, सोंगाड्या मॉर्मनचं काळं. मुलांना ही खूण फार आवडते, मोठ्यांनाही.

श्रीगोंदा-कर्जत भागातले पालक इथे म्हणतील, "गुरुजी, लिंबाच्या रोपांची पानं ही अळीच फस्त करते, तिचं कौतुक कसलं?" बरोबर आहे. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून लालसर दुबेळकं काढून उग्र वास सोडते. रोपवाटिकेत तिचा बंदोबस्त करावाच लागतो, थोडी रोपं असतील तर हाताने वेचूनही होतो. डाळिंबात शिरणारी सुरसा अळीसुद्धा नील कुळातल्या एका फुलपाखराचीच. पण बोंडअळी, लष्करी अळी ही पतंगांची पिल्लं. मूल हा फरक ओळखू लागलं, तर घरी बांधावरच्या रुईवर फवारा मारायच्या आधी कोणीतरी विचार करेल. शाळेच्या साफसफाईत कोपऱ्यातली रुई आणि टाकळाही तेवढा राहू द्या.

वर्गात करून बघायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. रुईच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी मिळेल. मोठी बरणी, तोंडाला फडकं, रोज ताजं पान, आत एक काडी. पानं शिक्षकांनीच तोडावीत, चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. नंतर हात साबणाने धुवा. अळीचे पायही मोजायला लावा: पुढे खरे सहा, मागे मांसल दहा, एकूण सोळा. कोश झाला की तो उलटा लटकलेला असेल. लिंबावरचा कोश असा नसतो, तो कमरेभोवती रेशमाचा दोरा बांधून डोकं वर करून बसतो. साधारण आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, फुलपाखरू बाहेर येतं आणि पंख वाळेपर्यंत तासभर हलत नाही. पाय तेव्हा मोजून घ्या. मागच्या पंखाच्या मध्यावरचे काळे ठिपकेही मोजा: तीन असतील तर मादी, चार असतील तर नर. मग बरणीचं फडकं काढून ठेवा.