सर्वोच्च न्यायालयात वादाचा निवाडा कसा होतो?

‘वेळ पडली तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाईन’ हे वाक्य आपल्याकडे निर्वाणीचा इशारा म्हणून उच्चारले जाते. बँकेच्या काउंटरवरही ते अधूनमधून ऐकू येते. देशातील सर्वांत मोठे न्यायालय आपली हकीकत पहिल्यापासून ऐकून घेईल आणि खऱ्याखोट्याची निवड करील, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्ष कार्यपद्धती याहून वेगळी आहे. ती समजून घेणे ग्राहक आणि कर्मचारी या दोघांच्याही हिताचे आहे. कारण दिल्लीत निकाली निघणाऱ्या अशा वादांची सामग्री शाखेतील टेबलावरच तयार झालेली असते.

प्रवेशाचे मार्ग

भारताचे सर्वोच्च न्यायालय २६ जानेवारी १९५० रोजी अस्तित्वात आले. आरंभी तेथे सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीशांची तरतूद होती. २०१९ मध्ये ही संख्या ३४ करण्यात आली. दिवाणी प्रकरणात सार्वत्रिक महत्त्वाचा कायदेविषयक प्रश्न गुंतलेला आहे, असे उच्च न्यायालयाने प्रमाणित केल्यास संविधानाच्या अनुच्छेद १३३ खाली अपील करता येते. फौजदारी प्रकरणात खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने देहदंड सुनावला, तर अनुच्छेद १३४ नुसार अपील हा त्याचा हक्क ठरतो. १९७० च्या कायद्याने हा हक्क जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेल्या कारावासापर्यंत वाढविण्यात आला.

मात्र बहुसंख्य पक्षकार येतात ते अनुच्छेद १३६ च्या वाटेने, म्हणजे विशेष अनुमती याचिका घेऊन. येथे अपिलाचा हक्क नसतो. अपील करू देण्याची परवानगी मागावयाची असते, आणि ती देणे न देणे न्यायालयाच्या स्वेच्छाधिकारात असते. परवानगी मिळाली की याचिकेचे अपिलात रूपांतर होते. ती कारणे न देता नाकारली गेली, तर खालचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरविला असा अर्थ निघत नाही, हे २००० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले आहे. वृत्तपत्रातील ‘याचिका फेटाळली’ हे शब्द वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

अपिलाच्या सुनावणीत सर्वसाधारणपणे नवे साक्षीदार तपासले जात नाहीत. खालच्या न्यायालयात नोंदलेला पुरावा, दाखल झालेली कागदपत्रे आणि तेथील निकालपत्रे यांच्याच आधारे वकील युक्तिवाद करतात. सामान्यतः दोन किंवा तीन न्यायाधीशांचे पीठ प्रकरण ऐकते. संविधानाच्या अर्थनिर्णयाचा महत्त्वाचा प्रश्न असल्यास किमान पाच न्यायाधीशांचे घटनापीठ बसते. मतभेद झाल्यास बहुमताचा निर्णय हाच न्यायालयाचा निर्णय होय.

दोन तराजू

दिवाणी आणि फौजदारी प्रकरणे एकाच इमारतीत ऐकली जातात, तरी पुरावा तोलण्याचे तराजू वेगळे आहेत. दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे हे पाहिले जाते. फौजदारी खटल्यात आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असल्याने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

दिवाणी तराजूचे उदाहरण म्हणून कॅनरा बँकेविरुद्ध एका कंपनीने आणलेल्या दाव्याचा १९८७ चा निकाल पाहता येईल. कंपनीच्या हिशेबनिसाने व्यवस्थापकीय संचालकाची सही बनावट करून ४२ धनादेश वटविले होते. एकूण रक्कम तीन लाखांहून अधिक होती. हिशेब वेळोवेळी तपासून ग्राहकाने हरकत घ्यावयास हवी होती, असे बँकेचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. बनावट सहीचा धनादेश म्हणजे ग्राहकाचा आदेशच नव्हे. सबब त्याच्या खात्यातून रक्कम वजा करण्याचा अधिकार बँकेला पोहोचत नाही, हे तत्त्व कायम झाले आणि बँकेचे अपील फेटाळले गेले. सही पडताळणे या रोजच्या कामाचे वजन किती आहे, हे यावरून कळून येते.

न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणात हे दोन्ही तराजू जवळ येतात. व्यवहार मुळात देण्याघेण्याचा, म्हणजे दिवाणी स्वरूपाचा. परंतु १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले आणि तो गुन्हा ठरला. २०१० मध्ये कर्नाटकातील एक प्रकरण तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे आले. आरोपीला खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडले होते, तर उच्च न्यायालयाने दोषी ठरविले होते. धनादेश हरवला होता, असा त्याचा बचाव होता. मात्र त्यावरील सही आपलीच असल्याचे त्याला मान्य होते. सही मान्य असल्यास, धनादेश कायदेशीर देण्यापोटीच दिला गेला असे गृहीत धरावयाचे, असा निर्णय न्यायालयाने दिला. हे गृहीतक खोडून काढण्यासाठी आरोपीला संशयापलीकडचा पुरावा द्यावा लागत नाही. आपली बाजू संभवनीय आहे एवढे दाखविले तरी पुरते. या आरोपीला तेही साधले नाही. वैधानिक नोटिशीला त्याने उत्तर दिले नव्हते, ही बाबही त्याच्या विरुद्ध गेली. उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

न्यायालय काय ठरवीत नाही

कोणता प्रश्न आपल्यापुढे सुटू शकत नाही, हे ओळखणे हाही न्यायदानाचाच भाग आहे. १९ फेब्रुवारी २०२१ चा लॉकरविषयक निकाल या दृष्टीने अभ्यासनीय आहे. कोलकात्यातील एका ग्राहकाचा लॉकर भाडे थकल्याच्या कारणावरून बँकेने १९९४ मध्ये नोटीस न देता फोडला. भाडे भरलेले होते, असे ग्राहकाचे म्हणणे होते. पुढे दागिने परत घेताना सातांपैकी दोनच मिळाले, अशी त्याची तक्रार होती. ग्राहक न्यायालयांच्या तीन पायऱ्या चढून प्रकरण दिल्लीला पोहोचले.

लॉकरमध्ये मुळात किती दागिने होते, हा वस्तुस्थितीचा वाद होता. तो साक्षीपुराव्यानेच सुटण्यासारखा असल्याने त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा ठेवण्यात आला. नोटीस न देता लॉकर फोडणे ही सेवेतील गंभीर त्रुटी होय, हे मात्र उपलब्ध कागदपत्रांवरूनच सिद्ध होत होते. त्यापोटी ग्राहकाला पाच लाख रुपये भरपाई आणि एक लाख रुपये खर्च देण्याचा आदेश झाला. भरपाईची रक्कम दोषी अधिकारी सेवेत असल्यास त्यांच्या वेतनातून वसूल करावी, असेही न्यायालयाने सांगितले. शिवाय सहा महिन्यांत नियम करण्याचे निर्देश भारतीय रिझर्व्ह बँकेला देण्यात आले. त्यानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये सूचना निघाल्या व १ जानेवारी २०२२ पासून त्या अमलात आल्या. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे हानी झाल्यास वार्षिक भाड्याच्या शंभर पटींइतके दायित्व बँकेवर येते, ते याच सूचनांन्वये.

निकालाचे बंधन

अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. तथापि संसद कायद्यात दुरुस्ती करू शकते. धनादेश ज्याने दिला त्याची बँक जेथे असेल तेथेच कलम १३८ खालील तक्रार दाखल व्हावी, असा निकाल १ ऑगस्ट २०१४ रोजी लागला. परगावचे धनादेश स्वीकारणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. २०१५ च्या दुरुस्तीने, खात्यात भरलेल्या धनादेशाबाबत ज्याला पैसे मिळावयाचे त्याचे खाते जेथे आहे त्या शाखेचे ठिकाण अधिकारक्षेत्र म्हणून निश्चित झाले.

निकालानंतर पुनर्विलोकन याचिका करता येते. ती बहुधा त्याच न्यायाधीशांकडे जाते व प्रायः त्यांच्या दालनातच विचारात घेतली जाते. त्यापलीकडे २००२ मध्ये मान्य झालेली उपचारात्मक याचिका हा अत्यंत अपवादात्मक उपाय आहे.

कोलकात्याच्या ग्राहकाला १९९४ च्या घटनेचा निकाल मिळण्यास २०२१ उजाडावे लागले. सव्वीस वर्षांहून अधिक काळाचा तो वाद वेळेवर पाठविलेल्या एका नोटिशीने कदाचित उद्भवलाही नसता. म्हणून ग्राहकांनी पावत्या, पासबुक व नोटिसांच्या प्रती जपून ठेवाव्यात, आलेल्या नोटिशीला लेखी उत्तर द्यावे. कर्मचाऱ्यांनी प्रत्येक नोंद अशी करावी, की अनेक वर्षांनी तिऱ्हाईत न्यायाधीशाने ती वाचली तरी घडलेली गोष्ट त्याला स्वच्छ समजावी.