बांधकाम साइटसाठी ड्रोन सर्व्हिस : पैसे उडवण्याचे नाही, रिपोर्टचे मिळतात



"ड्रोन घेतला, आता काम कुठून आणू?" हा प्रश्न मुळात उलटा आहे. आधी काम, मग ड्रोन. कर्ज काढून ड्रोन घ्यायचा आणि शेवटी लग्नाच्या शूटिंगच्या रेटमारीत अडकायचं, असं तुमचं होऊ नये म्हणून आज आपण बांधकाम साइट आणि इमारतींची पाहणी हा व्यवसाय नीट समजून घेऊ.

गिऱ्हाईक नेमकं काय विकत घेतं?

बिल्डरची साइट पाच एकरांची असते, तो स्वतः ऑफिसात असतो. सुपरवायझर रोज व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, पण ते सुपरवायझरला जे दाखवायचं असतं त्याचेच! संपूर्ण साइट एका नजरेत दिसत नाही. मग खोदाईचं बिल आलं की वाद सुरू. कॉन्ट्रॅक्टर एक आकडा सांगतो, इंजिनिअर दुसरा.

ड्रोनने साइटचे एकावर एक येणारे फोटो काढले, म्हणजे प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण 70 ते 80 टक्के भाग आला, तर सॉफ्टवेअर त्यातून साइटचा नकाशा आणि थ्रीडी मॉडेल बनवतं. त्यावरून मुरमाचा ढीग किती ब्रास आहे, खड्डा किती झाला, याचा हिशोब निघतो. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे साइटवर सगळ्यांना माहीत असतं. म्हणून रिपोर्टमध्ये आकडा ब्रासमध्येच द्या. मोजमाप अचूक हवं असेल तर जमिनीवर रंगाने खुणा मारून त्यांची जागा सर्व्हेअरकडून मोजून घ्यावी लागते. त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवा.

आता बघा, बिल्डरने पैसे कशाचे दिले? हवेतून काढलेल्या सुंदर व्हिडिओचे नाही. वाद मिटवणाऱ्या आकड्याचे दिले.

मागणी कुठे आहे?

1. रस्ते : 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने महामार्गांच्या कामांचं दर महिन्याला ड्रोनने व्हिडिओ रेकॉर्डिंग करणं बंधनकारक केलं. मोठं टेंडर तुम्हाला लगेच मिळणार नाही, पण तुमच्या जिल्ह्यातल्या कॉन्ट्रॅक्टरकडे चौकशी नक्की करा.

2. गृहप्रकल्प : रेरा कायद्यानुसार बिल्डरला दर तीन महिन्यांनी प्रकल्पाची माहिती महारेराच्या वेबसाइटवर अपडेट करावी लागते. तुमचे फोटो आर्किटेक्टच्या सर्टिफिकेटची जागा घेऊ शकत नाहीत, पण त्याचं काम सोपं करतात. फ्लॅट बुक केलेल्यांना पाठवायला बिल्डरला तेच फोटो उपयोगी पडतात.

3. जुन्या सोसायट्या : आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं. बाहेरच्या भिंतीच्या भेगा, सुटलेलं प्लास्टर, डक्टमधले पाइप हे परांची न बांधता पाहता येतं. यात तुमचं खरं गिऱ्हाईक सोसायटी नसून ऑडिट करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तो एक जोडलात की दहा सोसायट्या आपोआप जोडल्या जातात.

4. कारखान्यांची छपरं आणि सोलर : पत्रे कुठे गंजलेत, पन्हाळी कुठे तुंबल्यात, हे पावसाळ्याआधी पाहायला एप्रिल-मे हा सीझन. थर्मल कॅमेरा असेल तर सोलर पॅनेलमधले गरम झालेले सेल ओळखता येतात. पण तो कॅमेरा महाग असतो, पहिल्या दिवशी घेऊ नका.

नियम पाळा, नाहीतर धंदा बंद

ड्रोन नियम 2021 वाचून घ्या. मुख्य गोष्टी अशा :

- 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. मायक्रो ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी वय 18 ते 65, किमान दहावी पास आणि डीजीसीएमान्य संस्थेतलं प्रशिक्षण हवं.
- नॅनोच्या वरच्या ड्रोनला थर्ड पार्टी विमा लागतो.
- ड्रोनची नोंदणी करून युनिक नंबर घ्यावा लागतो. ज्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट आहे तोच घ्या. फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. "बिल नाही, पण स्वस्त आहे" असं कोणी म्हटलं की तिथून उठा.
- प्रत्येक साइट आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर तपासा. ग्रीन झोनमध्ये साधारणपणे 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. पुण्यात लोहगाव, नाशिकजवळ ओझर आणि देवळाली अशा जागा जवळ असतील तर जास्तच काळजी घ्या.
- मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. ग्रीन झोन असला तरी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करूनच कामाची तारीख द्या.

साइटवर गेल्यावर

मजूर जेवायला बसले की उडवा, त्यांच्या डोक्यावरून कधीच नाही. टॉवर क्रेनच्या ऑपरेटरला आधी सांगा. सळईच्या जाळीवरून टेकऑफ करू नका, लोखंडामुळे ड्रोनचा कंपास चुकतो. शेजारच्या इमारतीच्या खिडक्या फ्रेममध्ये येणार नाहीत हे बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर महिन्याला त्याच जागा, तीच उंची, तोच अँगल. हा मार्ग ॲपमध्ये सेव्ह करून ठेवा. मार्चचा आणि एप्रिलचा फोटो शेजारी ठेवला की काय झालं आणि काय रखडलं हे मालकाला विचारावं लागत नाही. याच तुलनेसाठी तो तुम्हाला पुन्हा बोलावतो.

रिपोर्ट चार पानांचा पुरे : आजचा पूर्ण फोटो, मागच्या महिन्याशी तुलना, मोजमापाचे आकडे, लक्ष द्यायच्या तीन जागा. दोन दिवसांत हातात द्या.

हिशोब करू

हे आकडे फक्त उदाहरण म्हणून. समजा कर्जाचा हप्ता, विमा, सॉफ्टवेअर आणि नवीन बॅटरीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मिळून महिन्याला 25,000 रुपये जातात. एका साइटचे तुम्ही 8,000 घेता. प्रवास आणि मदतनीस यांचे 1,500 गेले, उरले 6,500. म्हणजे चार साइटपर्यंत तुम्ही जेमतेम खर्च भागवता. तुमचा पगार पाचव्या साइटपासून सुरू होतो. दहा साइट झाल्या तर हातात 40,000. आणि पावसाळ्यात उडवायचे दिवस कमी मिळतात, हेही याच हिशोबात धरा.

म्हणून ड्रोनचं बुकिंग करण्याआधी पाच जणांकडून तोंडी नाही, लेखी होकार घ्या. तोपर्यंत पायलट सर्टिफिकेट करा आणि ड्रोन असलेल्या एखाद्या माणसाबरोबर कामाला जा.

हे आश्वासन कधी देऊ नका

ड्रोनला स्लॅबच्या आतली गंजलेली सळई दिसत नाही. "इमारत सुरक्षित आहे" हे लिहिण्याचा अधिकार इंजिनिअरचा, तुमचा नाही. तसंच जमिनीच्या हद्दीचा वाद असेल तर मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच चालते. तुमच्या रिपोर्टवर विसंबून कोणी चुकीचा निर्णय घेतला, तर पैशाआधी विश्वास जातो, आणि गावात धंदा विश्वासावरच चालतो. जे दिसलं तेवढंच लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या दहा किलोमीटरच्या परिसरातल्या चालू साइट वहीत लिहा. प्रत्येकीचा मालक, कॉन्ट्रॅक्टर आणि नकाशावरचा झोन नोंदवा. त्यातल्या तिघांना भेटून एकच विचारा, "साइटवर तुम्हाला कोणती गोष्ट वेळेवर कळत नाही?" त्यांचं उत्तर हेच तुमचं प्रॉडक्ट.