मुशीला हाड नाही

आपल्या कानाचा वरचा भाग दुमडून बघा. सोडला की लगेच सरळ होतो. कारण आत हाड नसते, कूर्चा असते. मुशीचा सगळा सांगाडाच कूर्चेचा असतो. मुशी म्हणजे शार्क मासा. पण घाबरू नका, मी पाहिलेली मुशी माझ्या हाताएवढीच होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे हर्णैला मावशीकडे गेलो होतो. हर्णै दापोली तालुक्यात आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. होड्यांतले मासे आणायला तिथे बैलगाड्या पार पाण्यात जातात. आमचे बैल तर ओढ्यालाही बिचकतात!

मावसभावाने एक खेळ काढला. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि टोपलीतला मासा हाताने ओळखायचा. बांगडा गुळगुळीत लागतो. मुशीवर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर काही वाटत नाही, पण उलटा फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरतं. तिच्या कातडीवर दातांसारखे बारीक खवले असतात. दुसरी खूण कल्ल्यांची. बांगड्याच्या कल्ल्यांवर झाकण असते. मुशीला झाकण नाही, दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा असतात. त्या मी बोटाने मोजल्या. शेपटीचा वरचा भाग लांब आणि खालचा आखूड असतो. बाबांनी सुरमईलाच मुशी म्हटले. सगळे लई हसले.

काका म्हणाले, जगातला सगळ्यात मोठा मासाही शार्कच आहे. त्याला व्हेल शार्क म्हणतात. तो एसटीएवढा लांब होतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. आपल्या देशात 2001 सालापासून त्याला मारायला बंदी आहे.

मग मावशीने मुशी चिरली. पोटात चार पिल्ले निघाली. बोटाएवढी, पण अगदी आईसारखी. पाचही चिरा होत्या. काका म्हणाले, "बांगडा हजारोंनी अंडी घालतो. मुशीला थोडीच पिल्ले होतात."

आईने विचारले, "मग पोटुशी मुशी सोडून का देत नाही?"

"जाळ्यात बहुतेक मेलेलीच येते. आणि वरून कसं कळणार?"

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे काकांनीच सांगितले होते. मी विचारले, "मुशीची पिल्ले दोन महिन्यांत मोठी होतात का?" काका म्हणाले, "नाही रे. मोठ्या शार्कांना तर कितीतरी वर्षे लागतात." मग ते बराच वेळ जाळे नीट करत बसले.

रात्री मुशीचे कालवण होते. मी बांगडा मागून घेतला.

— इयत्ता चौथी