अंतर किती आणि वेळ किती?

दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर सांगितले म्हणजे प्रवासास लागणारा वेळ आपोआप कळतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अंतर आणि वेळ या दोन भिन्न गोष्टी होत.

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील कोणत्याही दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. या मार्गाने मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते नऊ तासांत संपावे. परंतु विमानाला उंची गाठण्यास व उतरण्यास वेळ लागतो. शिवाय उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून लंडनला जाताना अधिक वेळ लागतो, तर परतताना कमी.

हेच गणित नंदुरबार जिल्ह्यास लावून पाहणे उद्बोधक ठरेल. नंदुरबार शहर सुमारे २१ अंश २२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, तर अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव सुमारे २१ अंश ४९ मिनिटांवर. दोहोंचे रेखांश जवळजवळ सारखेच असल्याने धडगाव नंदुरबारच्या थेट उत्तरेस येते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. त्यानुसार २७ मिनिटांचे सरळ अंतर सुमारे ५० किलोमीटर होते. विमानाच्या वेगाने हा चार मिनिटांचा मार्ग!

प्रत्यक्षात मात्र तापी ओलांडून, तळोद्यावरून चांदसैली घाटाची वळणे चढत सातपुडा पार करावा लागतो. त्यात दोन तास सहज जातात. दुर्गम पाड्यांवरील रुग्णाला त्याआधी झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून वाट अडली, तेव्हा एका आजारी महिलेला रुग्णालय गाठता आले नाही; वाटेतच तिचे निधन झाले. नकाशावरील अंतर त्या दिवशीही तेवढेच होते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वी धडगावकरांचे जिल्हा ठिकाण धुळे हे सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटरवर होते. ते अंतर निम्म्याहून कमी झाले, ही सोय मोठीच. तथापि घाटातील वेळ केवळ सीमा बदलल्याने कमी होत नाही. त्यासाठी बारमाही रस्ते, पूल आणि जवळचे सुसज्ज दवाखाने लागतात. जेथे रस्ता पोहोचत नाही, तेथे पर्यायी साधन शोधावे लागते. नर्मदाकाठच्या गावांमध्ये २०२१ साली कोविडची लस नौका-रुग्णवाहिकेतून पोहोचविण्यात आली, ती याच जाणिवेतून.

तेव्हा एखादे गाव किती दूर आहे, याचे उत्तर किलोमीटरमध्ये देऊन भागत नाही. पावसाळ्याच्या रात्री तेथील रुग्ण किती तासांत दवाखान्यात पोहोचतो, हेच त्या गावाचे खरे अंतर होय.