झॅम्पच्या पुढचं

वाचनालयाच्या नोंदींचं ॲप्लिकेशन विंडोज लॅपटॉपवर उभं करताना झॅम्प घेतलं. अपाचे, पीएचपी आणि डेटाबेस एकाच इन्स्टॉलेशनमध्ये येतात, त्यामुळे काम संपलं असं वाटतं. खरं काम त्यानंतरचं. त्याचे हे अनुभवाचे बोल.

१. अपाचे सुरूच होत नसेल तर आधी पोर्ट बघा. त्याला ८० नंबरचं पोर्ट हवं असतं आणि ते बहुधा दुसऱ्याच कुणीतरी अडवलेलं असतं. लाल अक्षरांत ‘पीआयडी ४’ दिसलं तर ती विंडोजचीच सिस्टम प्रोसेस. तिच्या वाटेला जाऊ नका. अपाचेच्या कॉन्फिग फाइलीत ‘लिसन ८०’चं ‘लिसन ८०८०’ करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० टाका. झॅम्प काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही, पोर्ट अडवणारा जागचा हलत नाही.

२. पॅनलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी २०१५ पासून झॅम्पमध्ये मारियाडीबी असतो. मायएसक्यूएल ८ चा डंप त्यात घालताना ‘अननोन कोलेशन’ची एरर येऊ शकते, ती यामुळेच.

३. आता मराठी. डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्येच बनवा. देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, म्हणून जुन्या ‘यूटीएफ८’मध्येही मराठी मावते, इमोजीला मात्र ४ लागतात. नुसतं टेबल नीट असून भागत नाही, पीएचपीकडून होणाऱ्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही तोच हवा. स्क्रीनवर रोमन चिन्हांचा कचरा दिसला तर घाबरू नका, बाइट बहुधा शाबूत असतात. पण टेबलातच ओळीनं प्रश्नचिन्हं साठली असतील तर तो मजकूर गेला. बसा पुन्हा टाइप करत!

कॉलमची लांबीही सढळ हातानं द्या. ‘ज्ञानेश्वरी’ डोळ्यांना चार अक्षरांची दिसते. डेटाबेस काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतो आणि ११ वर पोचतो. कॉलम १० चा असेल आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर शेवटची वेलांटी गळते आणि पुस्तकाच्या जागी ‘ज्ञानेश्वर’ उरतात. एरर नाही, फक्त एक वॉर्निंग. ती कोण वाचतं?

४. रूट युजरला पासवर्ड नसतो. घरी चालेल, बाहेर नाही.

५. टेबलांची नावं सगळी स्मॉल लेटर्समध्ये ठेवा. विंडोजवर कॅपिटल-स्मॉलचा भेद धरला जात नाही, लिनक्स सर्व्हरवर धरला जातो. घरी चालणारं ॲप्लिकेशन तिथे गेल्यावर ‘टेबल नाही’ म्हणतं ते बऱ्याचदा यापायी.

६. चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. मायएसक्यूएल-डंपनं फाइल काढा आणि ती एका रिकाम्या डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करून बघा. मराठी नावं जशीच्या तशी दिसली, तरच तिला बॅकअप म्हणा.