औषधोपचारातील खंड आणि एचआयव्हीबाधित मुले

बहुतेक संसर्गजन्य रोगांत औषध केव्हा सुरू करावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे, हे दोन्ही ठरलेले असते. एचआयव्हीचा संसर्ग घेऊन जन्मास आलेल्या मुलाच्या बाबतीत यांपैकी पहिलाच भाग लागू पडतो. त्याला औषध रोज, ठरलेल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यावयाचे असते. प्रौढ माणसालाही सहजी न जमणारी ही शिस्त वाढत्या वयाच्या मुलाकडून अपेक्षिली जाते. म्हणूनच औषध थांबल्यास काय घडते, ते का थांबते आणि खंड पडल्यानंतर काय करावयाचे, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू.

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पेशींत शिरतो आणि आपला आनुवंशिक आराखडा त्या पेशीच्या आराखड्यातच गुंफून टाकतो. औषधे विषाणूची वाढ रोखतात. परंतु काही पेशींत तो निद्रिस्त अवस्थेत राहतो व तेथे औषधांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. औषध बंद केले की साधारणतः दोन ते चार आठवड्यांत तो रक्तात पुन्हा दिसू लागतो. मिसिसिपी येथे २०१० साली जन्मलेल्या एका बालिकेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जन्मानंतर सुमारे तीस तासांत तिच्यावर उपचार सुरू झाले आणि दीड वर्षाच्या सुमारास ते खंडित झाले. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ विषाणू सापडला नाही, तेव्हा ती बरी झाली असे अनेकांना वाटू लागले. परंतु जुलै २०१४ मध्ये तो पुन्हा आढळला.

योजनापूर्वक खंड पाडून औषधांचा भार हलका करता येईल काय, याचाही शोध घेतला गेला आहे. ३३ देशांतील ५,४७२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात, सीडी-४ पेशींच्या संख्येनुसार उपचार थांबविलेल्या गटात गंभीर आजाराचा वा मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला, आणि जानेवारी २००६ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. उलट ‘ब्रीदर’ या अभ्यासात ८ ते २४ वर्षे वयाच्या १९९ रुग्णांपैकी एका गटाने आठवड्यातून पाचच दिवस औषध घेतले, तरी ४८ आठवड्यांनंतर विषाणू आटोक्यात ठेवण्यात तो रोज औषध घेणाऱ्या गटाच्या मागे पडला नाही. मात्र ही सुट्टी विशिष्ट औषधावर असलेल्या, विषाणू आधीच दबलेल्या आणि नियमित तपासणीखालील मुलांसाठी होती. घरच्या घरी घेतलेल्या सुट्टीला हा निष्कर्ष लागू पडत नाही.

अनियोजित खंडाचा दुसरा धोका अधिक छुपा आहे. उपचारात तीन औषधे एकत्र दिली जातात. परंतु ती शरीरातून सारख्या वेगाने बाहेर पडत नाहीत. नेव्हिरापिन वा एफाव्हिरेन्झ यांसारखे औषध मागे रेंगाळते आणि काही दिवस विषाणूशी एकटेच झुंजत राहते. अशा वेळी त्या औषधाला न जुमानणारे विषाणू निवडले जाऊन वाढतात. डोल्युटेग्राव्हिर या नव्या औषधाबाबत असे होणे कमी संभवनीय असले, तरी अशक्य नाही.

आता दिल्लीकडे वळू. सरकारी रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ रोजी देशातील आठ संस्थांत आरंभ झाला. त्यांत दिल्लीचा समावेश होता. मुलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. नवी दिल्लीचे कलावती सरन बाल रुग्णालय हे मुलांच्या उपचाराचे एक प्रमुख केंद्र होय. मूल्य द्यावे लागत नाही म्हणून औषध अखंड मिळते, असे मात्र नाही. मुलाची मात्रा वजनावर ठरते. वजन वाढले की तीही बदलावी लागते. अगदी लहान मुलांना दिले जाणारे लोपिनाव्हिरचे पातळ औषध चवीला अतिशय कडू आणि थंड जागी ठेवावे लागणारे होते. थकलेल्या देयकांमुळे त्याचे उत्पादन थांबले, तेव्हा मार्च २०१७ मध्ये सहाशेंहून अधिक बाधित मुलांच्या वतीने पंतप्रधानांना पत्र धाडण्यात आले. जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यावरून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दिल्लीतील कार्यालयाबाहेर सुरू झालेले धरणे महिन्याहून अधिक काळ चालले. देशात साठा पुरेसा आहे, असे शासनाचे म्हणणे होते. तर केंद्रावर महिन्याऐवजी थोड्याच दिवसांच्या गोळ्या हाती पडतात, अशी आंदोलकांची तक्रार होती. गोदामातील साठा आणि मुलाच्या हातातील गोळी यांत अंतर असते, हे अशा वेळी कळून येते.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम व फरीदाबाद हा प्रदेश रोजगारासाठी येणाऱ्यांचा आहे. तीन राज्यव्यवस्थांच्या सीमा येथे एकमेकींना भिडतात. काम बदलले की घर बदलते आणि रुग्णालय दूर पडते. केंद्रावरचा एक दिवस म्हणजे पालकाची बुडालेली मजुरी व मुलाची चुकलेली शाळा. मार्च २०२० च्या टाळेबंदीत असंख्य कुटुंबे गावी परतली. तेव्हा एकदम अनेक महिन्यांची औषधे देणे व जवळच्या कोणत्याही केंद्रातून ती घेऊ देणे, असे उपाय योजावे लागले.

किशोरवयात कारणे आणखी गुंतागुंतीची होतात. आईवडील हयात नसतील तर मूल आजीकडे वा काकांकडे वाढते. ‘ताकदीची गोळी’ म्हणून जे औषध दिले जात होते, त्याचे खरे नाव त्याला एखाद्या दिवशी पाकिटावर वाचावयास मिळते. फसवले गेल्याचा राग आणि मित्रांना कळेल ही भीती, या दोहोंचा भार त्या गोळीवर पडतो. म्हणून शालेय वयातच मुलाला त्याच्या आकलनानुसार, टप्प्याटप्प्याने सत्य सांगावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

खंड पडलाच, तर पुढचे पाऊल केंद्राकडे वळले पाहिजे. किती दिवस चुकले हे मुलाने निर्भयपणे सांगता यावे, यासाठी तेथे त्याला बोलणी खावी लागता कामा नयेत. अन्यथा ते पुढच्या वेळी खोटे सांगेल, आणि खोट्या माहितीवर मात्रा ठरविता येत नाही. रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासून व समुपदेशन करून उपचार पुन्हा मार्गी लावता येतो. १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आलेल्या कायद्याने शाळेतील व उपचारातील भेदभावाला मनाई केली आहे. एवढेच नव्हे, तर बाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणाऱ्या, १२ ते १८ वर्षे वयाच्या समंजस भावंडाला धाकट्याचा पालक म्हणून मान्यता दिली आहे. धाकट्याचा हात धरून औषधासाठी रांगेत उभी राहणारी थोरली बहीण कायद्याच्या दृष्टीने आता परकी नाही. मात्र स्वतः मूल असलेल्या या पालकाच्या हाती औषध वेळेवर पडते किंवा नाही, यावरच त्या तरतुदीचे मोल ठरणार आहे.